नाव न घेता केलेली प्रार्थना

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. पोट त्यावर चालतं, पण कोणी विचारलं तर सांगतो, "मी तरुण संघाचं काम बघतो." दर शनिवारी संध्याकाळी चर्चमागच्या खोलीत तो पोरं गोळा करतो. ती त्याला दादा म्हणतात, आणि त्याच्यामुळे मीही फुकटात जगाची ताई झाले. लग्न त्याने केलं नाही. माझा नवरा वारल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, तेव्हा घरात दोन कप होते आणि तीन गिटारी. एकीलाही सगळ्या तारा नव्हत्या.

त्याच्याजवळ एकच गुण होता, ऐकून घेण्याचा. पोरं मुद्दाम दुकानात यायची. "दादा, स्क्रू ढिला झालाय." हा विचारायचा, "चष्म्याचा की तुझा?" मग तो स्क्रू असा सावकाश आवळत बसायचा की समोरच्याचं सगळं सांगून व्हायचं. दुकानाचा मालक कुरकुर करायचा. पण ज्या पोरांशी घरात धड कोणी बोलत नव्हतं, ती या माणसाजवळ भडाभडा बोलायची.

शनिवारच्या सभेच्या शेवटी खुर्च्या गोल मांडायची पद्धत होती. प्रत्येकाने आपली विनंती सांगायची आणि उजवीकडच्याने तिच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची. कुणाची परीक्षा, कुणाची नोकरी, कुणाच्या आजीचा गुडघा. ज्याला स्वतःचं सांगवत नसे, त्याच्यासाठी दादा नाव न घेता विनंती ठेवायचा. मी म्हणायचे, "अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची." तो म्हणायचा, "ताई, ओझं वाटून घेतलं की हलकं होतं." यावर त्याचा अगदी मनापासून विश्वास होता, म्हणून मी गप्प बसायचे.

कीबोर्ड वाजवायला एक मुलगी होती. कोणाचा सूर चुकला की वाजवायची थांबायची आणि नुसती बघायची, म्हणून पोरं तिला मॅडम म्हणत. तिचे वडील चर्चच्या कमिटीवर होते आणि रविवारी पुढे उभे राहून शास्त्रपाठ वाचायचे. आवाज असा, की डुलक्या घेणारेही जागे व्हायचे. एकदा ती मोडका चष्मा घेऊन दुकानात आली. वडिलांनी भिंतीवर फेकला होता. ते आईला मारत, आणि मॅडम मध्ये पडली होती.

"दादा, कुणाला सांगू नका. आईने शपथ घातलीय."

"माझ्या पोटात राहील," तो म्हणाला.

आणि राहिलंही. मलासुद्धा त्याने एवढंच सांगितलं, की एका पोरीच्या घरी बरं चाललेलं नाही. त्याला जेवण जाईना. शनिवारी मी किटली घेऊन गेले, तेव्हा खुर्च्या मांडून झाल्या होत्या. भाऊ मान खाली घालून म्हणाला, "आपल्यातल्या एका घरात आईवर हात उचलला जातो. नाव देवाला माहीत आहे. आपण त्या आईसाठी प्रार्थना करू."

त्याच्या उजवीकडे मॅडम बसली होती.

त्याने मुद्दाम केलं नव्हतं. डोळे मिटलेला माणूस, उजवीकडे कोण आहे हे बघायचं भान त्याला कुठलं! पद्धत म्हणजे पद्धत, सगळे तिची वाट बघू लागले. ती म्हणाली, "प्रभू, त्या आईला..." आणि तिथेच अडकली. पुन्हा म्हणाली, "त्या आईला..." तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा हुंदका बाहेर आला. एकेकाचे डोळे उघडले. मी दारात किटली धरून उभी होते, माझेही उघडेच होते.

रविवार उजाडेपर्यंत गोष्ट षट्कर्णी झाली. आमच्या बायका चहाड्या करत नाहीत हो, त्या म्हणतात, "प्रार्थनेत ठेवा म्हणून सांगते." उपासना संपल्यावर त्यांनी मॅडमच्या आईभोवती घोळका केला. चर्चच्या पाळकसाहेबांनी नवराबायकोला आणि पोरीला खोलीत बोलावलं, भावालाही बोलावलं. तिथे त्या बाईने नवऱ्याकडे न बघता सांगितलं, "आमच्याकडे असं काही नाही. पोरीला गोष्टी रचायची सवय आहे." पोर शेजारी उभी होती. आठवडा संपायच्या आत तिला परगावी आत्याकडे धाडलं, आणि पुढच्या रविवारी वडिलांनी नेहमीच्याच आवाजात शास्त्रपाठ वाचला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

भाऊ त्यांच्या घरी गेला, तेव्हा आईने दार अर्धंच उघडलं. "मार मला सोसवत होता, भाऊ," ती म्हणाली. "पोर एकच होती. तुमच्या प्रार्थनेने तीही गेली."

त्याने संघाच्या कामाचा राजीनामा दिला, पाळकसाहेबांनी घेतला नाही. खुर्च्या अजूनही गोल मांडतात, पण आता प्रार्थना ज्याने त्याने मनातल्या मनात करायची. पोरं म्हणतात, दादांची सभा हल्ली कंटाळवाणी झाली. एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "ताई, देव माफ करतो असं मी पोरांना शिकवतो. पण तिला न विचारता देव मला परस्पर कसा माफ करेल?" मी भाजी वाढली.

वर्षं गेली. मॅडमची आई वारली, आणि मॅडम नवऱ्याबरोबर मातीला आली. कबरस्तानातली माणसं पांगल्यावर ती आपण होऊन आमच्याजवळ आली.

"मॅडम, मला माफ कर," भाऊ कसंबसं म्हणाला.

"केव्हाच केलं, दादा. तुम्ही काय वाईट मनाने केलं होतं का?"

त्याचा चेहरा असा निवळला, की मी मनात देवाचे आभार मानले. मग सवयीने त्याने विचारलं, "तू कशी आहेस? खरं सांग."

तिने फाटकापाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "मी आता कुणाला काही सांगत नाही, दादा. सवयच गेली. देवालासुद्धा नाही सांगत."

हे ती अगदी साध्या आवाजात बोलली, रागाने नाही. मग माझ्या पाया पडून गाडीत जाऊन बसली. गाडी दिसेनाशी झाली तरी भाऊ हलेना. मी त्याचा दंड धरला.

"ताई," तो म्हणाला, "तिने मला माफ केलं गं." आणि त्या रिकाम्या कबरस्तानात लहान पोरासारखा रडायला लागला.