बदकचोचीच्या डायनासोरचं घरटं

संग्रहालयात बदकासारख्या चोचीच्या डायनासोरचं घरटं मांडलं होतं. पाला चावून खाणारं, कळपानं राहणारं जनावर. तिथली बाई सांगत होती, "पिल्लांच्या पायांत बळ नसायचं, म्हणून आई त्यांना घरट्यातच चारा आणून द्यायची."

शेजारी उभी असलेली माझी आई म्हणाली, "मुक्या जिवालाही केवढी माया."

मला मावशीच्या दारात सोडून ती दुसऱ्या संसाराला गेली होती. आता म्हातारपणी माझ्याकडे राहायला आली आहे.

"मी चार वर्षांची होते, आई," मी म्हणाले.

घरट्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "तू तर चांगली चालती-बोलती होतीस."

इतक्या वर्षांत मी तिला कधी काही विचारलं नव्हतं. तिचं उत्तर मात्र तयार होतं.