पिक्चर ट्यूबवाली अंबिका

अंबिका आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली आणि मुलं उभी राहिली. नव्या मॅडम आल्या असं त्यांना वाटलं. ती सरळ मागच्या बाकावर जाऊन बसली, तशी मुलंही ओशाळून बसली. मी तिथं भौतिकशास्त्र शिकवतो. तो तास माझाच होता.

तिचे वडील बद्रीनाथ, म्हणजे अप्पा, यांचं शहरातल्या शहागंजात टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आई लवकर गेलेली, दुसरं भावंड नाही. अंबिका बारावी सायन्स झाली त्याच वर्षी अप्पांना कंपवात जडला आणि हातात सोल्डरिंगची गन ठरेना. मग अप्पा स्टुलावर बसून सांगायचे आणि लेक डाग द्यायची. अशी सोळा वर्षं गेली. लग्नाची एक-दोन स्थळं आली, तिनंच नको म्हटलं. पुढं भिंतीवरचे चपटे टीव्ही आले, जुन्या पेट्या कुणी आणीना, आणि एका दिवाळीनंतर दुकान बंद करावं लागलं.

"अंबे, तुझं कॉलेज माझ्यापायी ऱ्हायलं," अप्पा म्हणाले. "आता जाय."

ती आली. दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत मी फळ्याशेजारी एक सूचना लावली. दिल्लीच्या एका त्वरक केंद्रात बी.एस्सी.च्या मुलांना उन्हाळ्यात सहा आठवडे संशोधन करायला मिळणार होतं. कणांना प्रचंड वेग देऊन ते अणूच्या केंद्रकावर आदळवायचे आणि काय होतं ते पाहायचं, असं तिथलं काम. मुलांनी सूचना वाचली आणि विसरली. अंबिका तास संपल्यावर थांबली.

"सर, वयाची अट?"

"लिहिलेली नाही."

"पण अप्पांना कोण बघणार?"

 मी फक्त फॉर्म तिच्या हातात दिला.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : तुम्हाला हे का शिकायचं आहे? तिनं अर्धं पान लिहून मला दाखवलं. तिचे शब्द असे : पिक्चर ट्यूबमध्ये पंचवीस हजार व्होल्ट असतात, त्यांच्या जोरावर इलेक्ट्रॉन काचेवर धावत येतात आणि चित्र उमटतं. ट्यूबला हात लावण्याआधी तिच्यातला करंट जमिनीत उतरवायचा आणि एक हात पाठीमागं ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही, हे मला वडिलांनी शिकवलं. सोळा वर्षं मी हे कण रोज पळवले, पण ते आदळल्यावर आत काय होतं ते मला माहीत नाही. एवढंच लिहिलं होतं. मी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

मार्चमध्ये निवडीचं पत्र आलं. तिनं ते दोन दिवस घरी सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी अप्पांना ते तिच्या उशाखाली सापडलं. त्यांनी गंगापूरला थोरल्या बहिणीला, मनकर्णाबाईंना, फोन लावला.

मनकर्णाबाई दुसऱ्याच दिवशी जीपनं आल्या. "याला ल्हानपणी मीच भरवलंय," त्या अंबिकाला म्हणाल्या. "आताबी भरवीन. त्यात काय लई मोठं?"

अप्पा म्हणाले, "माझा हात थरथरतो, अंबे. जीव नाय थरथरत. तू जाय."

दिल्लीत तिच्यासोबतची सगळी मुलं एकोणीस-वीस वर्षांची.  गणितात ती मागं पडायची, पहाटे उठून पाठ करायची. तिच्या गटाकडं एक शोधक, म्हणजे कण टिपणारं यंत्र, होता. सोन्याच्या पातळ पत्र्यावर आदळून परतणारे कण त्यात मोजायचे होते. पण पडद्यावरची रेषा सतत विनाकारण थरथरायची. मुलांनी दोन दिवस शोधकच दोषी धरला. तिसऱ्या दिवशी अंबिकानं खाली वाकून तारा पाहिल्या.

"दोन यंत्रं दोन वेगळ्या बोर्डांवर लावलीत," ती म्हणाली. "दोन अर्थिंग झाल्यात. एकाच बोर्डावर घ्या."

थरथर गेली. मार्गदर्शक बाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"शहागंजात."

त्या दिवशी पडद्यावर हळूहळू ठिपक्यांचं एक टेकाड उभं राहिलं. एकेक ठिपका म्हणजे उलट फिरलेला एकेक कण. तिनं दुपारी अप्पांना फोन केला.

"अप्पा, सोन्याला धडकून काही कण मागं येतात."

"किती?"

"लई थोडे. बाकीचे आरपार जातात."

 अप्पा म्हणाले, "जेवलीस का?"

परत आल्यावर मी तिला महाविद्यालयात या कामावर बोलायला सांगितलं. अप्पांना रिक्षानं आणलं होतं. ते पहिल्या रांगेत थरथरता हात मांडीखाली दाबून बसले. अंबिका आधी अडखळली, मग नीट बोलली. प्रश्न विचारा म्हटल्यावर मुलं वह्या चाळू लागली. अप्पांनीच विचारलं, "पत्रा केवढा जाड?"

"केसापेक्षाही लई बारीक," ती म्हणाली. मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

तिनं पुढं एम.एस्सी. केलं. अप्पा तिच्या शेवटच्या परीक्षेनंतर महिनाभरानं गेले, तिच्या हातून पाणी पिऊन. आता ती आमच्याच प्रयोगशाळेचं काम बघते. दर जानेवारीत ती सूचना आता तीच लावते, आणि ज्या मुलीच्या घरी नाही म्हणतात तिच्या घरी स्वतः जाते. मागच्या वर्षी छावणी भागात एका आईशी ती दोन तास बोलत बसली होती. ती मुलगी मे महिन्यात दिल्लीला गेली.