खोटी दाढी

२९ मार्च, ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार. काम: नवऱ्याची खोटी दाढी धुऊन वाळत घालणे.

अमरावतीच्या उन्हात ती अर्ध्या तासात वाळते. मी ती मागच्या अंगणात टाकते, कारण पुढून लोक जातात आणि ही दाढी कोणाची ते सगळ्यांना ठाऊक आहे. चर्चच्या दुःखसहनाच्या, म्हणजे प्रभूच्या क्रुसावरच्या मरणाच्या नाटकात चांदीच्या थैलीसाठी प्रभूला धरून देणारा शिष्य दरवर्षी माझा नवराच होतो. बाकीच्या अकरा जागांसाठी भांडणं असतात. कोंबडा आरवायच्या आत तीनदा गुरूची ओळख नाकारणारा शिष्य होण्याचा मान चर्चच्या सेक्रेटरींचा. त्यांना शेवटी रडायला मिळतं, वर टाळ्या. बेइमान दोघेही, पण एकाच्या वेळी कोंबडा आरवला, म्हणून तो संत. पाळकसाहेब सांगतात, तो दुसरा नसता तर तारणाची योजनाच अडली असती. मग तुम्हीच व्हा म्हटलं की साहेबांचा घसा बसतो.

आज मुलीला पाहायला अकोल्याहून मुलगा आणि त्याची आई आली. पोहे झाले, पसंती झाली. मग मी उत्साहानं त्यांना नाटकाला नेलं. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा.

नवरा एरवी भाजीवालीशीही हळू बोलतो. नाटकात मात्र शेवटी थैली फेकून असा रडला की लेकरं आयांना बिलगली.

घरी आल्यावर मुलाच्या आईनं चहाचा कप खाली ठेवला.

"मुलगी पसंत हाय, ताई. पण बुधवारी तुमची मंडळी हेच नाटक आमच्या चर्चात करनार हाय. सारे सोयरे येतीन. भाऊनं दुसरं काम घ्यावं. रोमी शिपाई व्हावं."

"शिपाई तर प्रभूले खिळे ठोकते, बाई," मी म्हटलं.

"ते चालते. त्याले कोनी नावं नाही ठेवत."

धर्मशास्त्राचा एवढा सोपा खुलासा मी कोणत्याच उपदेशात ऐकला नव्हता.

नवरा दाढी हातात घेऊन उभा होता. "सोडतो मी," तो म्हणाला. "पोरीपेक्षा नाटक मोठं हाय का?"

"पप्पा, कावून सोडता?" मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पाह्याले मले आले न हे? का तुमाले?"

नाव आणि नोकरी एवढंच बोललेल्या मुलानं तेव्हा मान वर केली. "काका, तुमी खरंच रडता?"

"हो. दरवर्षी."

"कावून?"

नवऱ्यानं दाढीकडे पाहिलं. "बाकीचे अकरा होते न. त्याले कोनीच म्हटलं नाही, वापस ये म्हणून."

मुलगा आणखी काही विचारणार होता, पण आईनं पर्स उचलली. "चाल, गाडी सुटन. ताई, दाढीचं काय ते सकाळी कळवा."

नवरा न जेवता झोपला. मुलीनं त्याचं ताट झाकून ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू धोंडा मी तिच्याच पायावर मारला होता.

३० मार्च, सोमवार. सकाळी मी दाढी पुन्हा धुतली आणि पुढच्या अंगणात, रस्त्याच्या बाजूनं, तारेवर टाकली. मग अकोल्याला फोन लावला. म्हटलं, बुधवारी बाप त्याच कामात येतो, मुलगी सोबत येते. पुढच्या रांगेत जागा धरा, आणि पसंती मोडायची तर नाटक पाहून मोडा. "पाहू," त्या म्हणाल्या. मागून मुलगा काहीतरी बोलत होता, ते ऐकू आलं नाही.

वारा सुटला होता. मी दाढीला आणखी दोन चिमटे लावले.