एकतीस दीर्घिकांचा कल

वेधशाळेतली पोरं तिला मागून ‘कोनमापक’ म्हणत, आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. बावीस वर्षं तिचं काम एकच. दीर्घिकेचा, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या थाळीचा, फोटो समोर घ्यायचा, थाळी किती कललीय ते मोजायचं, वहीत शाईने लिहायचं. त्यानंतरच तिच्या ताऱ्यांच्या वेगाची फाइल उघडायची. आधी कल, मग वेग. नियम तिनेच घातलेला. त्याला कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

सगळा खेळच त्या कलावर होता. दीर्घिकेच्या कडेचे तारे दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने फार जोरात पळतात. बहुतेक जण म्हणत, न दिसणारं डार्क मॅटर त्यांना धरून ठेवतं. वेधशाळेचे प्रमुख, सर, म्हणत, झूट. तिथे गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलतो. खरं कोण, ते वेगावरून ठरायचं. पण दुर्बिणीत वेगाचा काही भागच दिसे, पूर्ण वेग कलावरून काढायचा; थाळी जितकी गोल, म्हणजे कमी कललेली, मोजावी, तितका तो जास्त निघायचा.

मासिकात छापायला निघालेल्या तक्त्यात तिला अकरा कल वेगळे दिसले. वहीत अठ्ठेचाळीस अंश, तक्त्यात त्रेचाळीस. ती तडक सरांच्या खोलीत गेली.

“हे कुणी बदललं?”

सरांनी बोटाला थुंकी लावून तिच्या वहीचं पान उलटलं. तिने वही आपल्याकडे ओढली.

“बदललं नाही हो बाई, सुधारलं. या अकराजणी आपल्या सिद्धांताच्या रेषेवर बसत नव्हत्या.”

“म्हणजे वेग बघून सुधारलं.”

“पलीकडचे काय करतात? कमी पडलं की ओततात आणखी डार्क मॅटर.”

“त्यांनी शेण खाल्लं म्हणून आपणही ताट मांडायचं?”

“शुक्रवारी सही द्या. कल आधी मोजले, वेग नंतर पाहिला, एवढंच. तुमच्या सहीवर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात.”

सरांना उघडं पाडायचं तर तिसऱ्याचं माप हवं. तिचा नवरा शिंपी. संध्याकाळी तिने नावं झाकलेले एकशे चाळीस फोटो त्याच्या कापायच्या टेबलावर ओतले.

“प्रत्येकीची लांबी-रुंदी मोजून द्या.”

“मोजतो. पण शिवायचं काय यांना? परकर?”

“तोंड आवरा आणि मोजा.”

तीन संध्याकाळी गेल्या. अकराच्या अकरा ठिकाणी त्याच्या लांबी-रुंदीवरून निघालेला कल तिच्या शाईशी जुळला. ती सुखावली. मग पुढची पानं आली, आणि तिचं बोट थांबलं. गेल्या दोन वर्षांतल्या एकतीस दीर्घिका तिच्याच शाईशी जुळत नव्हत्या.

गेली दोन वर्षं सर रोज सकाळी फाइल बघून तिच्या टेबलाशी गप्पा मारायला येत. ‘आजची जरा हळू आहे हं, नडणार आपल्याला,’ किंवा ‘ही भलतीच जोरात.’ काटेकोर बाई; तिने समासात तेही टिपलेलं. ‘हळू’ म्हटलेली प्रत्येक तिने गोल मोजली होती. ‘जोरात’ म्हटलेली प्रत्येक चपटी. नियम शाबूत होता. फाइल कधीच आधी उघडली नव्हती. नुसती कानांनी वाचली होती.

“गिऱ्हाइकाने पोट आत घेतलं की माझीही टेप आवळते,” नवरा म्हणाला. “मुद्दाम नाही होत ते.”

“मुद्दाम केलं असतं तर बरं होतं. निदान करताना कळलं तरी असतं.”

तिने साबण लावून हात धुतले. पुसले, आणि पुन्हा धुतले.

शुक्रवारी तिने सरांपुढे कागद ठेवला. “अकरा कल सरांनी वेग पाहून बदलले. एकतीस मी, वेगाबद्दल ऐकून, मोजतानाच वाकवले.” खाली सही.

सरांनी दोनदा वाचलं. “बाई, माझे अकरा समजू शकतो. तुमचे एकतीस कुणाला दिसले असते?”

“कुणालाच नाही. शिसारी त्याचीच येते.”

“म्हणजे माझा सिद्धांत खोटा म्हणायचं तुम्हाला.”

“खरा की खोटा, मला काय माहीत. आपण दोघांनी त्याला तपासलंच कुठे? नुसतं गोंजारलं.”

“बावीस वर्षांचं नाव धुळीला मिळेल तुमचं.”

“मिळू दे. धूळ तक्त्यात नको.”

सर कागद ड्रॉवरमध्ये सरकवू लागले.

“ठेवा खुशाल,” ती म्हणाली. “याची प्रत मासिकाला सकाळीच पाठवलीय.”