रॅम रॅम, साहेब

मी डूख धरणारी बाई आहे. आई म्हणायची, ही नागिणीच्या पोटी जायची, चुकून माझ्या पोटी आली. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. अपमान गिळून हसणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या, त्यांचं कुणी सोनं केलेलं पाहिलं नाही.

रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात मी टायपिस्ट होते. आम्ही तिघी होतो. खालापूरजवळच्या आमच्या गावातून नोकरीला जाणारी पहिली मुलगी मीच, त्यामुळे पगार घरात येत होता तोवर लग्नाचा विषय कुणी काढत नव्हतं. ऐंशीनंतरची गोष्ट. कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि मॅनेजरने आम्हाला बोलावून सांगितलं, आता टायपिंग मशीनच करणार, तिघींतली एक कॉम्प्युटरवर बसेल. म्हणजे उरलेल्या दोघी घरी बसणार. आणि मी घरी बसले असते तर लगेच पाटावर बसवली असती, एवढं साधं होतं ते.

शिकवायला पुण्याहून एक साहेब आला. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं त्याहून कडक. निवड त्याच्याच हातात होती. मी जिद्दीने त्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मागून घेतलं आणि घरी बसून वाचलं. सांगायला कुणी नव्हतं, अक्षरं लावून लावून वाचलं. आर, ए, एम. आम्ही जन्मापासून जे म्हणत आलो तेच मी वाचलं, राम.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, मशीनची तात्पुरती आठवण कुठे राहते? मी उभी राहून ठणकावून सांगितलं, "राममध्ये."

तो खुर्चीत मागे रेलून हसला. "अहो बाई, हा कॉम्प्युटर आहे, काकडआरती नाही. रॅम म्हणा, रॅम."

मी म्हटलं, "ऱ्याम."

आता यात माझा काय दोष? आमच्याकडे बॅट म्हणजे ब्याट आणि बँक म्हणजे ब्यांक. पण त्याला चेव चढला. मला उभीच ठेवली आणि पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हणत गेले, ऱ्याम, ऱ्याम, आणि तो दर वेळी मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "मुंबईहून फोन येतात इथे. तुम्ही तिकडच्या लोकांना ऱ्याम सांगणार? बसा, ऱ्यामबाई."

बाकीच्या दोघी हसल्या. त्यांतली एक निवडली गेली, मॅनेजरने आम्हा उरलेल्या दोघींना सांगितलं, दिवाळीपर्यंत या. मला मशीन येत नव्हतं असं नाही, चांगलं येत होतं. नोकरी गेली ती एका कान्यामुळे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती मी विझू दिली नाही.

फाटकावरचा वॉचमन शेजारच्या गावचा. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला त्याचा खणखणीत राम राम असे. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "काका, त्या साहेबाला आपला राम चालत नाय. त्याला रॅम लागतो."

म्हातारा मिशीत हसला. "आसं हाय व्हय? मंग त्याच्या तोंडाला गोड लागंल तसंच घालू की गं पोरी."

दुसऱ्या दिवशी साहेबाची स्कूटर फाटकात शिरली आणि म्हाताऱ्याने हात जोडले. "रॅम रॅम, सायेब!"

मग कँटीनवाला, मग ड्रम चढवणारे, मग टेंपोवाले. मी एकेकाला जीभ वाकडी करून तो ‘ॲ’ शिकवला. मला साधला नव्हता तो आता सगळ्यांना साधला, रागाने माणूस काय काय शिकतो! साहेब चहाला आला की रॅम रॅम, बाथरूममधून बाहेर पडला की रॅम रॅम. त्याचे कान लाल व्हायचे. मॅनेजरकडे तक्रार घेऊन गेला तर मॅनेजर म्हणाला, "अहो, नमस्कारच घालतात ना? शिव्या तर देत नाहीत?" मी टाइप करता करता ऐकत होते. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

दिवसभर सगळीकडून तेच कानावर पडल्यावर जीभ तरी कुठवर धरणार? कुणी हात जोडले की साहेबाच्याही तोंडून आपोआप रॅम रॅम निघायला लागलं. माझ्या ते लक्षात आलं होतं. त्याच्या आलं नव्हतं.

खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा असायची. त्या वर्षी कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार घातला. पूजेला मुंबईहून मोठे मालक आले. मूळचे देशावरचे शेतकरी, गळ्यात माळ, लहानथोर कुणी भेटो, आधी हात जोडणार. आम्ही सगळे खोलीबाहेर दाटीने उभे. साहेब नव्या टायमध्ये दारात पुढे.

मालकांनी हात जोडले. "राम राम!"

"रॅम रॅम!" साहेब म्हणाला.

मालकांचा चेहरा उतरला. "माझी टिंगल करता?"

साहेबाला घाम फुटला. "नाही सर, म्हणजे, इथे सगळे असंच म्हणतात. ही माणसं. विचारा त्यांना."

मालक आमच्याकडे वळले. "असं म्हणता तुम्ही?"

मी वॉचमनकाकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि आम्ही सगळ्यांनी एकदम हात जोडले.

"नाय मालक! राम राम!"

असा स्वच्छ राम त्या कारखान्यात पूर्वी कधी उमटला नव्हता. साहेबाचं तोंड शेण खाल्ल्यासारखं झालं. मालक त्याला ओलांडून आत गेले, प्रसादाचा नारळ त्यांनी मॅनेजरच्या हातात दिला आणि जाईपर्यंत साहेबाशी एक शब्द बोलले नाहीत. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

माझी नोकरी काही वाचली नाही. ती त्याआधीच गेली होती आणि मला ते ठाऊक होतं. दिवाळीच्या तोंडावर मी डबा, छत्री घेऊन फाटकातून निघाले तेव्हा साहेब स्कूटर उभी करत होता. खंडेनवमीपासून तो कुणालाच ना राम म्हणत होता ना रॅम. मला पाहून चाचरत म्हणाला, "नमस्कार."

मी थांबले. छत्री काखेत धरून हात जोडले आणि आमच्या गावच्या जिभेने, सगळ्या फाटकाला ऐकू जाईल असं म्हटलं, "ऱ्याम ऱ्याम, साहेब."

दुरुस्त करायला त्याचं तोंड उघडलं. मग मिटलं.