कोपर वाकतंय

२०२०च्या मोसमात माझी बेदम धुलाई झाली. डच बेसबॉल लीगमधला मी पगारी पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज. कोचनं सरळ सांगितलं, पुढच्या एप्रिलपर्यंत वेग दाखव, नाहीतर करार संपला. त्यात लॉकडाऊनमुळे मैदान बंद. मग कापेल गावातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये चेंडू पकडायला बाबाच उभे राहिले, पुण्याहून आणलेले कीपिंगचे ग्लोव्हज घालून. प्रत्येक चेंडूला ओरडायचे, "विराज, कोपर वाकतंय!"

तिसऱ्या आठवड्यात माझं डोकं फिरलं. "बाबा, हे क्रिकेट नाही! इथे चेंडू फेकायचाच असतो!"

"मग फेक ना! हे काय गोंजारत टाकतोयस?"

"तुमच्या हाताला लागेल म्हणून!"

बाबांनी ग्लोव्हज काढून जमिनीवर आपटले.

"आणि गेल्या मोसमात कोणाचे बाबा उभे होते समोर?"