नळीतला मगज

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. शिवाय ही गोष्ट माझी नाही, माझ्या भाचीची आहे. तिला लिहिता आली असती तर मी गप्प बसलो असतो. पण ती पहिलीत आहे, आणि अजून जोडाक्षरांना अडते.

माझ्या ताईचं सासर हिंगोलीकडच्या पुसेगावजवळ. उन्हाळ्यात भाचीच्या पायांवर निळे डाग उठू लागले. खेळताना पडली असेल, असं सगळ्यांना वाटलं. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, चेहरा पांढरा पडला, ताप उतरेना. हिंगोलीत रक्त तपासलं आणि तिथून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दाजी धाकट्या पोराला घेऊन घरी थांबले. सोबत शिकलेलं कोणीतरी पाहिजे म्हणून मी गेलो.

लहान मुलांच्या त्या वॉर्डात कॅन्सर हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नाही. पण हिला तो आहे की नाही, एवढंच आम्हाला कळायला हवं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्त जिथं तयार होतं तिथंच बघावं लागेल. कमरेच्या हाडातून थोडा मगज काढून तपासू."

ताईनं लेकराला छातीशी ओढलं. "मगज? माझ्या लेकराचा मगज काढायचा?"

आमच्याकडं मगज म्हणजे डोक्यातला. माझा मगज खाऊ नको म्हणतो, तो. मी घाईघाईनं पुस्तकातला शब्द सांगितला, अस्थिमज्जा. त्यानं ताई आणखी घाबरली. डॉक्टरबाई पुढच्या खाटेकडं गेल्या तशी ती पिशवीत कपडे कोंबू लागली. "चल रे घरी. डोकं उघडू देत न्हाई मी."

शेजारच्या खाटेवर औंढ्याची एक बाई होती. देवळाच्या रस्त्यावर त्यांचं बांगड्यांचं दुकान. तिच्या मुलाची हीच तपासणी होऊन गेली होती. तिनं ताईच्या हातातली पिशवीच ओढून घेतली.

"अगं येडे, डोक्यातला न्हाई. नल्लीतला! मटणाची नल्ली खात न्हाई का तुमी? का नुसतं वरण पिऊन राहिले?"

"खातो की, आपा."

"मग तोच. माझ्या पोराचा काढला, बघ की बराबर बसलाय. उलट आता माझा मगज जास्तच खाऊन राहिला."

तिचा मुलगा लाजला. ताई कित्येक दिवसांनी हसली आणि तपासणीला तयार झाली. मलाही सुटल्यासारखं वाटलं. खाटेवर पडून भाची हे सगळं ऐकत होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. घरी मटण शिजलं की नळीसाठी भांडणारी ती. ताटलीवर आपटून, ओठांनी ओढून ओढून ती नळी रिकामी करायची आणि मग तिच्यात फुंकर मारून शिट्टी वाजवायची.

ताईला बघवणार नाही म्हणून आत मी गेलो. भाचीला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले. आधी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. मग डॉक्टरबाई जाड सुई हळूहळू फिरवत हाडात घालू लागल्या. ती ओरडली नाही. माझं बोट तेवढं घट्ट धरून होती. सिरिंज ओढली तेव्हा मात्र तिचं सगळं अंग ताठ झालं. सिरिंजमध्ये फारसं काही आलं नाही. डॉक्टरबाईंनी पुन्हा ओढून पाहिली, मग सिस्टरकडं पाहिलं. शेवटी उदबत्तीच्या काडीच्या टोकाएवढा हाडाचा तुकडा काढून बाटलीत टाकला.

जखमेवर दाब राहावा म्हणून तिला उताणं निजवलं. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "मामा, माझी नळी रिकामी झाली का?"

"न्हाई गं. थोडासाच घेतला."

"नळीत थोडासाच असतो," ती म्हणाली.

मी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

रक्त चढवून झाल्यावर रिपोर्ट येईपर्यंत आम्हाला घरी सोडलं. घरी ती पाय मोजून टाकल्यासारखी चालायची. ओट्यावरून उडी मारणं बंद झालं. भाऊ अंगावर धावून आला की म्हणायची, "हळू, मोडंल." एके दिवशी ती चमच्यानं नडगीवर टकटक करत बसली होती. मला म्हणाली, "कान लाव मामा. पोकळ वाजतंय." मी तिच्या नडगीला कान लावला. काही ऐकू आलं नाही, असंच मी तिला सांगितलं. पण खरं सांगायचं तर मी कान लवकर काढून घेतला.

मी होस्टेलला परतलो. तिथं कोणी पेनच्या टोपणात फुंकर मारली तरी माझ्या अंगावर काटा यायचा.

एका दुपारी तास संपवून व्हरांड्यात आलो आणि ताईचा फोन आला. रिपोर्ट आला होता. "कॅन्सर न्हाई म्हणाले," ती म्हणाली. मी भिंतीला टेकलो. पलीकडून हुंदका ऐकू आला.

"मग काहून रडून राहिली ताई?"

"हाडात मगजच न्हाई म्हणं. सुकून गेला. म्हणून रक्त बनत न्हाई. धाकट्याला घेऊन बोलावलंय. त्याचा जुळला तर तो हिला देता येईल म्हणले. जुळंल का रे?"

मी काही बोलायच्या आत फोनमध्ये मागून भाचीचा आवाज आला, अगदी शांत.

"मी मामाला सांगितलं होतं."